गेमचं नाव काय ठेवू? : वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

मागच्या अंकात इंदूरमध्ये घरबसल्या मोबाइल गेम बनवणाऱ्या पोरांबद्दल लिहिलं होतं. त्यावर जे प्रश्न आले त्यात कोडिंगचे कमी आणि नावाचेच जास्त, म्हणून या वेळचं सगळं सदर नावालाच देऊन टाकलंय.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र इंदूरच्या सराफ्यात रात्री भरणाऱ्या खाण्याच्या बाजारावर गेम बनवतोय. तुमचा ठेला असतो, गिऱ्हाईक येतं, भुट्ट्याचा कीस, गराडू (तळलेला कंद), दहीबडे, जलेबा असं काही मागतं, वेळेत दिलं तर पैसे नाहीतर ते शेजारच्या ठेल्यावर जातं. गेम होत आलाय पण नावावरून रोज भांडण. एकाला ‘क्रोनॉक्स’ हवंय, एकाला नुसतं ‘सराफा’, आणि मला ‘स्वाद-ए-सराफा : नाइट फूड स्ट्रीट टायकून सिम्युलेटर’ कारण त्यात सगळं येतं. कोणतं ठेवू?
(कॉलेजचा विद्यार्थी, लोकमान्यनगर)

उत्तर : तिन्ही नको. रागावू नकोस भिया, आधी ऐक.

तुझ्या नावापासून सुरू करतो कारण ते तर स्टोरच घेणार नाही. गुगल प्ले आणि ॲपल दोघांकडे नावाला ३० कॅरेक्टरची हद्द आहे, गुगलकडे पूर्वी ५० चालायचे, २०२१ पासून ३० झाले, आणि तुझं नाव इंग्रजी अक्षरांत पन्नासला टेकतंय. बरं कसंबसं ३० मध्ये कोंबलंस तरी फोनवर आयकॉनखाली थोडीशीच अक्षरं दिसतात आणि पुढे तीन टिंबं, म्हणजे लोकांना दिसणार ‘स्वाद-ए-सरा...’ आणि बस. टायकून, सिम्युलेटर हे शब्द वाईट नाहीत, लोक ते टाकून शोधतात, पण त्यांची जागा खाली आहे. गुगलवर ८० कॅरेक्टरचं छोटं वर्णन मिळतं, ॲपलवर ३० चं सबटायटल मिळतं, तिथे सांग ना की ठेला चालवायचा गेम आहे म्हणून. आणि नावात ‘बेस्ट’, ‘नंबर वन’, ‘फ्री’ किंवा इमोजी घालायचा विचार असेल तर तोही सोड, गुगलच्या नियमात ते बसत नाही.

‘क्रोनॉक्स’ हे मला तर ॲसिडिटीच्या गोळीचं नाव वाटलं, सराफ्यातून घरी आल्यावर लागते ती. आता बनवलेला शब्द चालतच नाही असं मुळीच नाही. टेट्रिस घे, १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोवने तो गेम बनवला, प्रत्येक तुकड्यात चार चौकोन म्हणून ग्रीकमधला ‘टेट्रा’ आणि त्याला टेनिस आवडायचं म्हणून त्याची शेपटी, झालं नाव. पण ते कानावर पडलं की हात आपोआप लिहितो. क्रोनॉक्स सी-एच ने लिहायचं की के ने, शेवटी एक्स की सी-के-एस, हे तुझ्या मित्रालाच दोनदा विचारावं लागेल, आणि नाव ऐकून डोळ्यासमोर येतं अंतराळयान. ज्याला कीस बनवण्यात मजा येईल तो माणूस त्यावर बोट ठेवणारच नाही, आणि जो ठेवेल तो कढई बघून एक स्टार देऊन जाईल.

‘सराफा’ हे त्यातल्या त्यात जवळचं. आपल्याला ते ऐकलं की भूक लागते कारण रात्री सोन्याचांदीच्या दुकानांची शटरं पडली की त्याच ओट्यांपुढे ठेले लागतात हे आपल्याला माहीत आहे, पण इंदूरबाहेर सराफा म्हणजे सोनं. ग्वाल्हेरलाही सराफा बाजार आहे, नागपूरला आहे, गावोगावी आहे. सर्चमध्ये टाकून बघ, आजचा सोन्याचा भाव आणि सराफ्यात येऊन खाणाऱ्यांचे व्हिडिओ येतील आणि त्या गर्दीत तुमचा गेम कुठेतरी खाली. शिवाय बाजाराचं नाव कुणा एकाचं होत नाही, उद्या दुसऱ्या कुणी ‘सराफा २’ काढला तर तुम्ही काय करणार?

माझं मत विचारशील तर ते नाव तुझ्या चिठ्ठीतच पडलंय, तुम्हाला दिसलं नाही. ‘गराडू’. छोटं आहे, ऐकायला गमतीदार आहे, बाहेरच्याला काय असतं माहीत नसलं तरी म्हणता येतं, आणि खाल्लेल्याला थंडीतला तो गरम गरम, वर जीरावन मसाला भुरभुरलेला दोना आठवतोच. ‘गराडू : सराफा नाइट्स’ असं केलंस तर इंग्रजीत २१ कॅरेक्टर होतात, ३० च्या आत, आयकॉनखाली पहिला शब्द अख्खा दिसतो आणि सराफावाल्या मित्राचंही मन राहतं. क्रोनॉक्सवाल्याची समजूत तू घाल.

पण माझ्या सांगण्यावरून ठेवू नका, एक काम करा. गावाबाहेरच्या नातेवाइकांना, म्हणजे ग्वाल्हेरची आत्या, बडोद्याचा मामेभाऊ असे पाचसहा जण पकडा, फोनवर नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगायचं नाही, आणि म्हणा व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठव. सगळ्यांचं साधारण सारखं आलं तर नाव पास. प्रत्येकाचं वेगळं आलं तर समजा की उद्या कुणी कुणाला तोंडी सांगितलेला गेम स्टोरवर सापडणारच नाही, आणि आपल्याकडे पैसे देऊन जाहिरात करायची ऐपत नसताना तोंडी सांगणं हाच काय तो प्रचार. आणि त्यांना हेही विचारा की नाव ऐकून कसला गेम वाटतो. ‘खाण्याचा काहीतरी’ एवढं आलं तरी भरपूर.

दुसरं, नाव कागदावर मोठं लिहून हॉस्टेलमधल्या सगळ्यात वात्रट पोराच्या हातात द्या. हसू नका, मोठ्या कंपन्यांना हे करावं लागलंय. पॅकमॅन १९८० मध्ये जपानात आला तेव्हा नाव होतं ‘पक मॅन’, अमेरिकेत नेताना लक्षात आलं की मशीनवरच्या इंग्रजी ‘पी’ ची गोलाई कुणी जराशी खरवडली की त्याचा ‘एफ’ होतो आणि मग काय वाचलं जाईल ते मी इथे छापू शकत नाही, म्हणून पॅकमॅन केलं.

प्रश्न : मुलगा बारावीत आहे, फळं फोडायचा गेम केलाय. म्हणतो नावात ‘कँडी’ आणि ‘सागा’ टाकलं की सर्चमध्ये आपोआप वर येतो, सगळेच करतात. मला हे चोरीसारखं वाटतं. मीच जुन्या विचारांची आहे का?
(एक आई, सुदामानगर)

उत्तर : नाही हो ताई, बरोबर आहात, आणि चोरीचं सोडलं तरी व्यवहारानेही हे घाट्याचंच आहे. २०१४ च्या फेब्रुवारीत फ्लॅपी बर्ड बनवणाऱ्या डाँग न्गुयेनने स्वतःच आपला गेम स्टोरवरून काढून घेतला, लगेच नकलांचा पूर आला, आणि मग ॲपल-गुगल नावात ‘फ्लॅपी’ असलेले गेम परत पाठवायला लागले. कित्येकांची मेहनत त्या एका शब्दापायी अडकली.

आणि कँडी-सागाच का सुचावं त्याला! कँडी क्रश सागावाल्या किंग कंपनीने ‘कँडी’ हा साधा शब्दच अमेरिकेत ट्रेडमार्क करायला घेतला होता, आणि ‘द बॅनर सागा’ नावाचा अगदी वेगळाच, लढाईचा गेम करणाऱ्या छोट्या टीमच्या अर्जावर ‘सागा’ शब्दावरून हरकत घेतली होती. लोक इतके भडकले की २०१४ मध्ये त्यांनी अमेरिकेतला कँडीचा अर्ज सोडला आणि बॅनर सागावाल्यांशीही मिटवलं, पण तोवर त्या छोट्या टीमला वकील गाठावे लागलेच. माइनक्राफ्टवाल्या मोजँगने ‘स्क्रोल्स’ नाव घेतलं तर ‘द एल्डर स्क्रोल्स’ या गेमच्या मालकांनी २०११ मध्ये केस टाकली, २०१२ मध्ये तडजोड झाली. त्यांच्याकडे पैसा होता, तुमच्याकडे बारावीची परीक्षा आहे.

‘लुडो’सारखा शब्द वेगळा, तो कुणाच्या बापाचा नाही, नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये ‘लुडो किंग’ काढला आणि घरोघरी पोचला. पण आज स्टोरवर लुडो टाकलं की केवढी रांग लागते बघा, त्यात नव्याचा नंबर कधी लागायचा. त्याला म्हणावं तुझ्या गेममध्ये फळ फुटल्यावर जो आवाज येतो ना, त्याच्या आसपास काहीतरी शोध.

प्रश्न : आमच्या शाळेतल्या मुलांनी अहिल्यादेवींवर गेम केलाय, घाट आणि देवळं बांधत जायचं. नाव ‘अहिल्या’ ठेवावं असं सगळ्यांना वाटतं. कायद्याने चालेल का?
(शिक्षिका, इंदूर)

उत्तर : बाई, कायद्याचं आधी सांगतो. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव १९५० च्या बोधचिन्ह आणि नावांच्या कायद्याच्या यादीतच आहे, ते व्यापारात किंवा ट्रेडमार्कमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. बाकी पूज्य नावांबाबतही कोर्टाचा कल बघा, अगरबत्तीच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितलं की ‘रामायण’ या नावावर एकट्याने हक्क सांगता येणार नाही. म्हणजे नुसतं ‘अहिल्या’ ठेवलंत तरी ते नाव तुमचं एकट्याचं होईल ही आशा धरू नका.

पण माझी खरी अडचण दुसरीच आहे. गेमचं नाव पुढे रोजच्या बोलण्यात येतं. ‘अहिल्या हँग होतेय’, ‘अहिल्या डिलीट करून टाक’, रिव्ह्यूमध्ये कुणी लिहिणार ‘अहिल्या बोअर आहे’. मुलांच्या तोंडी हे आलेलं तुम्हाला चालेल का? आपल्या गावात तर अजिबात नाही चालणार, कुणीतरी स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकला की संपलं. देवी गेमच्या आत राहू देत, हरायची वगैरे भानगड त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका, खेळणारा त्यांचा कारागीर असू दे, आणि नाव जागेचं घ्या. राजधानी महेश्वरला होती, घाट तिथेच आहे, ‘महेश्वर घाट’ किती छान वाटतं, आणि डिलीट केलं तरी कुणाला लागत नाही.

प्रश्न : नाव ट्रेडमार्क करायला एजंट २५ हजार मागतोय. एवढं लागतं का?
(वैशालीनगर)

उत्तर : सरकारी फी ऑनलाइन अर्जाला एका वर्गामागे ४,५०० रुपये, एकटा माणूस, स्टार्टअप किंवा छोटा उद्योग असेल तर. डाउनलोड होणाऱ्या गेमसाठी वर्ग ९, ऑनलाइन करमणुकीच्या सेवेसाठी वर्ग ४१, दोन्ही घेतले तर ९,००० होतात. वरचे पैसे एजंटचे, ते कशाचे हे त्याला लिहून मागा. मध्य प्रदेशचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात पण सगळं ऑनलाइन होतं, जायची गरज नाही. अर्जाआधी ट्रेडमार्क विभागाच्या साइटवर फुकट सर्च करता येतो, तो स्वतः बसून करा, आणि नुसतं त्याच स्पेलिंगचं बघू नका, सारख्या उच्चाराचंही बघा. नोंदणी मिळाली की १० वर्षं चालते. ती मिळेपर्यंत नावापुढे टीएम लावा, गोलातला आर लावायचा नाही, नोंदणीशिवाय तो लावणं बेकायदा आहे.

प्रश्न : गेम टाकून झालाय, आता नाव आवडेनासं झालंय. बदलता येतं का? आणि नाव मराठीतून दिसेल का?
(वाचक, महू)

उत्तर : येतं. गुगल प्लेवर दिसणारं नाव बदलता येतं, डाउनलोड आणि रिव्ह्यू तसेच राहतात, फक्त आतला पॅकेज आयडी, म्हणजे स्टोर गेमला ज्याने ओळखतं ते आतलं नाव, एकदा गेम प्रसिद्ध झाला की कायमचा, म्हणून त्यात चालू नाव न घालता स्टुडिओचं काहीतरी साधं घालून ठेवावं, तुमची वेळ गेली पण पुढच्यांनी ऐका. मोठेही बदलतात बरं, २०२३ मध्ये रोव्हिओने आपल्या जुन्या अँग्री बर्ड्सचं ॲपलवर ‘रेड्स फर्स्ट फ्लाइट’ करून टाकलं आणि गुगलवरून तो गेमच काढला, कारण तो त्यांच्याच बाकीच्या गेम्सच्या आड येत होता. मराठीचं म्हणाल तर गुगलच्या कन्सोलमध्ये, म्हणजे जिथून गेम स्टोरवर टाकतो तिथे, भाषा जोडून मराठी आणि हिंदीसाठी वेगळं नाव-वर्णन देता येतं, ज्याचा फोन मराठीत त्याला मराठी दिसेल. आपल्यातल्या बहुतेकांचे फोन इंग्रजीतच असतात ते सोडा, तरी देऊन ठेवा, पैसे लागत नाहीत.