ओरिएंटेशनला जायच्या आधी एवढं वाच

बाळा,

काल फोनवर तू म्हणालास की सर, ओरिएंटेशनला, म्हणजे नव्या प्राध्यापकांच्या ट्रेनिंगला, २१ दिवस वर्ग सोडून जायचं आणि हातात काय तर एक सर्टिफिकेट. ते डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. सर्टिफिकेट लागतंयच. २०१८ च्या युजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमात असिस्टंट प्रोफेसरला पगाराच्या लेव्हल १० वरनं ११ ला जायचं तर पीएचडीवाल्यालाही ४ वर्षं सर्व्हिस आणि ओरिएंटेशन दोन्ही पाहिजे, आणि प्रमोशनसाठी गेलास तर त्यात कमीपणा काही नाही, घर चालवायचं असतं. पण फक्त कॅसच्या, म्हणजे त्या प्रमोशनच्या योजनेच्या, फाईलसाठी गेलास तर जसा गेलास तसाच परत येशील, मला भीती त्याची वाटते.

मी पहिला रिफ्रेशर, म्हणजे प्राध्यापकांचा उजळणीचा कोर्स, तसाच केला. सही करायची, मागं बसायचं, आणि परत आल्यावर तीच पिवळी पडलेली वही काढून कॉस्ट शीट, म्हणजे मालाच्या खर्चाचा तक्ता, शिकवली. दुसऱ्या वेळी चहाच्या सुट्टीत एका मॅडमनी विचारलं, तुमची पोरं येतात कुठनं? म्हटलं कागल, राधानगरी, पन्हाळा, सकाळच्या एसटीनं. मग त्यांच्या घरचा हिशोब तुमच्या फळ्यावर का नाही, म्हणाल्या. मला उत्तर देता आलं नाही.

कोल्हापुरात आलो आणि कारखान्याच्या पुस्तकी उदाहरणाऐवजी गुऱ्हाळ घेतलं. ऊस कच्चा माल, गुळव्याची मजुरी, चुलवाणाचं जळण, शेवटी ढेपंला खर्च किती आणि मार्केट यार्डात सौद्यात दर किती. वर्षभर तोंड न उघडलेला एक पोरगा उठला, "सर, चिपाडं तर त्याच उसातनं निघत्यात, मग जळणाचा खर्च परत कसा धरायचा?" अरे, बाय-प्रॉडक्टचं, म्हणजे मुख्य मालाबरोबर निघणाऱ्या जोडमालाचं, अख्खं प्रकरण त्या एका प्रश्नात होतं! मग काकवीवर आलो, बेल झाली तरी कोण उठंना.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग तपासायच्या ४ पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकला का, कामात वागणं बदललं का, आणि शेवटी फरक काय पडला. मी भरलेले बहुतेक फीडबॅक फॉर्म पहिल्या पायरीवरच संपले, वक्ते कसे होते, जेवण कसं होतं. पुढचं तर वर्गातच दिसणार ना, तिथं बघायला कोण येतंय?

म्हणून जायच्या आधीच एक टॉपिक ठरव, जो दरवर्षी पोरांना जड जातो तो. तिथं जे ऐकशील ते त्या टॉपिकला लावून बघ, बाकी सिलॅबसला हात लावू नकोस, आल्यावर पोर्शन मागं पडलेला असतो आणि सगळं बदलायला गेलं की आठवड्यात दमायला होतं. जुन्या बॅचची त्या टॉपिकची उत्तरं जपून ठेव, नव्या बॅचला तोच प्रश्न घाल.

टॉपिक ठरला की फोन कर. आल्यावर तो तास घेशील तेव्हा मी मागच्या बाकावर येऊन बसतो, सकाळचा पहिला तास असला तरी चालेल.

तुझा,
सर