पिवळा झेंडा दिसला होता, आता काय सांगायचं?

प्रश्न : नमस्कार. माह्या लहान भावाची मागच्या रविवारी हिंगण्याकडे गो-कार्टची रेस होती. वळणावर एकाची गाडी फिरली, मार्शलनं पिवळा झेंडा काढला पण उशिरा, तोवर भाऊ समोरच्याच्या बाजूला लागला होता अन् त्यानं ओव्हरटेक करून टाकला. मार्शलनं हातानं 'चल चल' केलं म्हणून आम्हाले वाटलं झालं. रात्री त्या पोरानं तक्रार टाकली. ऑर्गनायझरनं ग्रुपवर फक्त 'पिवळ्या झेंड्यात जपून चालवा' एवढंच टाकलं होतं. आता हिअरिंग आहे, मित्र सांगून राहिले की झेंडा दिसलाच नाही म्हण. भाऊ म्हणते दिसला होता. काय करावं?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दिसला होता ना, मग दिसला होता असंच सांगायचं. तुमच्या मित्रांनी २००९ ची मेलबर्नची फॉर्म्युला वन रेस पाहिली नसावी. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवायला लावणारी, तिच्यामागे ओव्हरटेक बंद) असताना ट्रुली नावाचा ड्रायव्हर ट्रॅकबाहेर गेला, मॅक्लारेन टीमचा हॅमिल्टन पुढे निघाला, मग टीमनं रेडिओवर सांगितलं म्हणून त्यानं ट्रुलीला परत पुढे जाऊ दिलं. एवढंच सांगायचं होतं हो! पण स्टुअर्ड्ससमोर, म्हणजे रेसच्या पंचांसमोर, टीमनं अन् त्यानं म्हटलं, असं काही सांगितलंच नव्हतं, आणि बिचाऱ्या ट्रुलीला २५ सेकंदांची पेनल्टी बसली. गंमत म्हणजे रेस संपल्या संपल्या हॅमिल्टन टीव्हीवाल्यांना खरं ते बोलून बसला होता. पुढच्या आठवड्यात मलेशियात रेडिओची टेप ऐकवली, हॅमिल्टन बाद, ट्रुली परत तिसरा, आणि मॅक्लारेनच्या स्पोर्टिंग डायरेक्टरची नोकरी गेली. तुमच्या रेसमध्ये तर प्रत्येकाच्या हातात मोबाइल असेल.

मार्शलच्या 'चल चल'वर मात्र फार भिस्त ठेवू नका. २००८ मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या रेसला हॅमिल्टननं शिकेन (वेग कमी करायला लावणारं नागमोडी वळण) कापली, समोरच्या रायकोनेनला जागा परत दिली अन् लगेच पुढच्याच वळणावर ओलांडलं, टीमनं रेस डायरेक्टरला विचारलं तर तो म्हणाला ठीक वाटतंय, तरी नंतर स्टुअर्ड्सनी २५ सेकंद लावलेच, जिंकलेली रेस दुसऱ्या आलेल्या मासाला गेली आणि अपील ग्राह्यच धरलं नाही. माझ्या मते तो अन्यायच होता, पण निर्णय स्टुअर्डचा असतो, झेंडा धरणाऱ्याचा नाही.

नियमाचं म्हणाल तर पिवळ्यात वेग कमी करायचा आणि ओव्हरटेक करायचा नाही, हे जगभर ठरलेलं आहे, त्यामुळे 'ग्रुपवर लिहिलं नव्हतं' हे तिथे फारसं चालणार नाही. चालेल ते उशिरा निघालेल्या झेंड्याचं. तो निघाला तेव्हा दोन्ही गाड्या कुठे होत्या ते दाखवा, व्हिडिओ मागा, त्या मार्शललाही बोलवायला सांगा. निर्णय लेखी घ्या, कलम कोणतं लावलं तेही त्यात असू द्या. रेसला एफएमएससीआयचं (देशातल्या मोटरस्पोर्टची संघटना) परमिट होतं का तेही विचारून घ्या, असेल तर अपीलचा रस्ता राहतो, मुदत अन् फी आधीच बघून ठेवा. आणि हिअरिंगला भावाला एकट्यालाच बोलू द्या, मित्रमंडळी बाहेर चहा पीत बसू देत.