लोखंडी शेड उभारणीचे काम: मजुरी किती, आणि हजेरी कोणाकडे?

प्रश्न: माझा मुलगा यंदा 62 टक्के गुण मिळवून दहावी उत्तीर्ण झाला. सिन्नर तालुक्यात आमची अडीच एकर जिरायत जमीन आहे. माझा पुतण्या मुसळगाव औद्योगिक वसाहतीत कारखान्यांच्या लोखंडी शेड उभारणाऱ्या ठेकेदाराकडे काम करतो आणि मुलाला आताच सोबत न्यायला तयार आहे. अमेरिकेत अशा कामगाराला वर्षाला पन्नास लाख रुपये मिळतात, असे मुलाने मोबाइलवर पाहिले आहे. पुतण्याच्या टोळीत मात्र बहुतेक जण बिहार-झारखंडचे आहेत. या कामात आमच्या मुलाला भवितव्य आहे का? त्याच्या धाकट्या बहिणीलाही वेल्डिंगची आवड आहे; तिला यात वाव मिळेल का?
– एक पालक, सिन्नर तालुका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातील पन्नास लाखांचा आकडा खोटा नाही, म्हणूनच तो आधी नीट समजून घ्यायला हवा. इमारती आणि पूल यांचे लोखंडी सांगाडे उभारणाऱ्या कामगारांची अमेरिकेत स्वतंत्र गणना होते. सळई बांधणारे वेगळे मोजले जातात आणि कारखान्यात बसून सांगाड्याचे भाग तयार करणारेही वेगळे. उभारणीचे काम करणारे हे कामगार साऱ्या देशात सुमारे 70 हजार आहेत आणि त्यांचे मधले वार्षिक वेतन, म्हणजे निम्म्यांना ज्याहून जास्त व निम्म्यांना ज्याहून कमी मिळते ते वेतन, 60 हजार डॉलरच्या आसपास आहे. रुपयांत गुणाकार केला की पन्नास लाख होतात खरे, परंतु त्यातून कर, घरभाडे आणि खर्चही डॉलरमध्येच वजा होतात. शिवाय त्या वेतनामागे 1896 मध्ये स्थापन झालेली कामगार संघटना आहे, तीन ते चार वर्षांची शिकाऊ उमेदवारी आहे आणि उमेदवारीच्या काळात टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा ठरावीक दर आहे. एवढे असूनही हे काम तेथील सर्वाधिक प्राणघातक व्यवसायांत गणले जाते. मोबाइलवरच्या चित्रफितीत ही बाजू बहुधा आली नसेल.

आपल्याकडे राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाने (2015) सांगाड्याचे धातुकाम तयार करणारे आणि ते उभारणारे या दोघांना 7214 या एकाच गटात ठेवले आहे, आणि तो गटही बांधकाम कामगारांत न मोडता धातुकाम करणाऱ्यांत मोडतो. म्हणजे सातपूरच्या वर्कशॉपमध्ये जमिनीवर उभे राहून गर्डर जोडणारा फॅब्रिकेटर आणि मुसळगावला चाळीस फुटांवर ट्रसमध्ये, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या लोखंडी सांगाड्यात, बोल्ट आवळणारा इरेक्शनचा (उभारणीचा) माणूस कागदावर एकच ठरतात, जरी दोघांची कमाई, धोका आणि नोकरीची शाश्वती यांत फार मोठे अंतर असते. त्यामुळे या कामाचा नाशिकमधला पगार कोणी एका आकड्यात सांगू लागला, तर त्याला आधी ‘नाव कोणाच्या हजेरीपटावर?’ एवढेच विचारावे.

शेड उभारणीच्या कामाची साखळी सर्वसाधारणपणे अशी असते. कारखानदार मुख्य कंपनीला काम देतो, ती कंपनी उभारणीचे काम ठेकेदाराला टनाच्या किंवा किलोच्या दराने देते, ठेकेदार त्यातले काही पोटठेकेदाराला देतो आणि टोळीतल्या माणसाच्या हाती शेवटी रोजची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, पडते. उदाहरणापुरती हजेरी 900 रुपये धरू. महिन्यात 26 दिवस काम मिळाले तर 23,400 रुपये होतात. पावसामुळे किंवा माल न आल्यामुळे 17 दिवसच भरले तर 15,300. आठवड्याची खर्ची (खर्चासाठी दिलेले पैसे) आणि घेतलेली उचल यांतूनच वळती होते. महिना 21 हजारांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला कर्मचारी राज्य विमा लागू होतो, त्यात कामगाराचा वाटा केवळ 0.75 टक्का आणि मालकाचा 3.25 टक्के असतो. पण ज्याचे नाव कोणत्याच पटावर नाही, त्याला या तरतुदीचा उपयोग नाही. मला अधिक चिंता वाटते ती टनाच्या दराची. दर टनावर असला की घाई त्या दरातच बसलेली असते. लाइफलाइन (बेल्टचा हूक अडकवण्याचा दोर) बांधायला, सेफ्टी बेल्टचा हूक एका जागेवरून काढून दुसरीकडे अडकवायला जो वेळ जातो, त्याचे पैसे कोणी मोजत नाही. लोखंडी सांगाड्यांच्या सुरक्षित उभारणीसाठी भारतीय मानक (आयएस 7205) 1974 पासून आहे. टनावर काम घेतलेल्या पोटठेकेदाराच्या जागेवर ते पाळले जात असेल, तर समजावे की वर कोणी तरी कडक सुरक्षा अधिकारी बसलेला आहे.

टोळीत बाहेरच्या राज्यांतील माणसे अधिक असण्याचे कारण आपल्या मुलांत धाडस नाही, असे मुळीच नाही. हे काम जगभर नात्यागोत्यातून पसरले आहे. कॅनडातील काह्नवाके या मोहॉक आदिवासींच्या वस्तीतील लोक 1886 मध्ये सेंट लॉरेन्स नदीवरील रेल्वेपुलाच्या निमित्ताने या कामात शिरले आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या न्यूयॉर्कच्या उंच इमारतींवर दिसत राहिले. 29 ऑगस्ट 1907 रोजी क्वेबेकचा पूल बांधताना कोसळला तेव्हा मृत्युमुखी पडलेल्या 75 जणांपैकी 33 जण या एकाच वस्तीतले होते. त्यानंतर गावातील सर्व पुरुषांनी एकाच कामावर जाऊ नये असा आग्रह तेथील स्त्रियांनी धरला, असे सांगतात. चुलतभावाच्या टोळीत जाण्याची सोय आणि तिची जोखीम अशी एकत्रच येते. आपल्याकडे मुकादम गावाकडून माणसे आणतो, ती साइटवरच राहतात, पेरणी-काढणीला किंवा लग्नसराईत रजा मागत नाहीत आणि रात्रीच्या ओव्हरटाइमला नकार देऊ शकत नाहीत. ठेकेदाराला हे सोयीचे पडते. कायद्याने कारखान्यातील ओव्हरटाइमचा दर दुप्पट आहे. टोळीत तो तसा मिळतो का, हे आपण पुतण्यालाच विचारा.

तेव्हा माझे मत स्पष्ट आहे: मुलाला आता टोळीत पाठवू नये, परंतु लोखंडकामापासून दूरही ठेवू नये. तो बहुधा सोळा वर्षांचा असेल. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीच मुळात वयाच्या 18 व्या वर्षापासून होते. म्हणजे दोन वर्षे तो कोणत्याही संरक्षणाविना, हेल्पर म्हणून, सर्वांत कमी हजेरीवर राहील आणि हेल्परचा फिटर कधी होईल हे मुकादमाच्या मर्जीवर ठरेल.

याच दोन वर्षांत शासकीय आयटीआयमधून फिटरचा अभ्यासक्रम पूर्ण होतो. वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे आणि त्याला आठवी उत्तीर्ण चालते, म्हणून अनेक पालक तिकडे वळतात. आपल्या मुलासाठी मी फिटरच सुचवीन. एक तर त्याला ड्रॉइंग वाचता येईल, गुण्या आणि ओळंबा हाताळता येईल, आणि वर्कशॉपमध्ये भाव असतो तो याच कौशल्याला. दुसरे असे की दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्याला पदविका अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट खुली राहते. एक वर्षाच्या वेल्डरला ती मिळत नाही. त्यानंतर एखाद्या मोठ्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारी करावी. 2019 च्या नियमांनी आयटीआय प्रमाणपत्रधारकाला दरमहा किमान 7 हजार रुपये विद्यावेतन ठरवले होते. पुतण्याच्या हजेरीपुढे ही रक्कम लहान दिसेल आणि घरात त्यावरून बोलणेही होईल, पण ते वर्ष सोडू नये.

वेल्डिंगची परीक्षा त्याने नंतर द्यावी. उभ्या जोडासाठी 3जी, डोक्यावरच्या जोडासाठी 4जी आणि तिरक्या पाइपसाठी 6जी अशा या चाचण्या असतात, आणि मोठ्या कंपन्यांच्या कामावर ती पात्रता नसलेल्याला महत्त्वाच्या जोडाला हात लावू देत नाहीत. प्रचलित आंतरराष्ट्रीय संहितांनुसार सलग सहा महिने त्या पद्धतीचे वेल्डिंग केले नाही तर पात्रता संपते, त्यामुळे प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावण्याची ही वस्तू नव्हे.

कामाची टंचाई भासेल असे मला वाटत नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी येथे नवी शेड आता विटा-काँक्रीटऐवजी बहुधा लोखंडाचीच उभी राहते, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावरच 28 पोलादी पूल नियोजित असून त्यांपैकी 11 महाराष्ट्रात आहेत. 2027 च्या सिंहस्थाची कामे मात्र हिशेबात धरू नका. आपला मुलगा हाती प्रमाणपत्र घेईपर्यंत ती उरकलेली असतील.

मुलीबद्दल. आपल्याकडे बांधकामावरील बहुतेक स्त्रिया ओझे वाहण्याच्या कामात अडकतात, आणि अमेरिकेतही सांगाडे उभारणाऱ्या शंभर कामगारांत पाच स्त्रियाही नसतात. तेथील संघटनेने 2017 मध्ये गरोदरपणाची पगारी रजा सुरू केली ती हीच संख्या वाढावी म्हणून. मुलीची आवड वेल्डिंगची आहे आणि वेल्डिंगचे बरेच काम वर्कशॉपमध्ये, ठरलेल्या पाळीत चालते, ही तिच्या दृष्टीने जमेची बाजू आहे. आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव असतात आणि वेल्डरसारख्या अभ्यासक्रमांकडे मुली कमी वळतात, त्यामुळे प्रवेश तुलनेने सोपा जाईल. आठवीनंतर अर्ज करता येत असला तरी तिची दहावी पूर्ण होऊ द्यावी.

जाता जाता पुतण्याचेही पाहा. त्याला भविष्यनिर्वाह निधीचा बारा अंकी यूएएन क्रमांक मिळाला आहे का आणि पासबुकात दरमहा रक्कम जमा होते का, हे मोबाइलवर पाच मिनिटांत कळते. गेल्या 12 महिन्यांत 90 दिवस बांधकामाचे काम केल्याचा दाखला घेऊन त्याने कल्याणकारी मंडळात नाव नोंदवावे. ठेकेदार दाखला देण्यास टाळाटाळ करीत असेल, तर ग्रामसेवकाकडे चौकशी करावी.