हुरड्याची गोडी आणि प्रथिनांवरील शर्करासाखळ्या

मंगळवेढ्याच्या हुरड्याची गोडी ज्वारीच्या प्रथिनांना जोडलेल्या शर्करासाखळ्यांमुळे येते का, आणि या साखळ्या प्राण्यांमधल्यासारख्याच असतात का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. कोवळ्या दाण्यात सुक्रोज, ग्लुकोज अशा सुट्या शर्करा असतात आणि दाणा भरताना त्यांचे स्टार्च होते, म्हणून पिकलेली मालदांडी (ज्वारीचा वाण) तशी गोड लागत नाही. साखळीतील शर्करा प्रथिनाला रासायनिक बंधाने जखडलेल्या असतात व अत्यल्प असतात.

दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो. वनस्पती असो वा प्राणी, पेशी ही साखळी प्रथिनावर एकेक शर्करा जोडून रचत नाही. आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीत प्रथिने घडवणाऱ्या जाळ्याच्या, पटलात डोलिकॉल या मेदरेणूवर २ एन-असेटिलग्लुकोसामीन, ९ मॅनोज व ३ ग्लुकोज अशी १४ शर्करांची फांदीदार साखळी आधी तयार होते. आणि घडत असलेल्या प्रथिनात अस्पॅराजिन, मग प्रोलिनखेरीज कोणतेही अमिनो आम्ल, मग सेरिन किंवा थ्रिओनिन असा क्रम आला, की ती अस्पॅराजिनवर अखंड चढवली जाऊ शकते. त्यानंतर ग्लुकोज काढले जातात, आणि त्याच टप्प्यावर प्रथिनाची घडी नीट बसली की नाही याचीही तपासणी होते.

फरक पडतो तो पुढे, गॉल्जी यंत्रणेत, म्हणजे तयार प्रथिनांवर पुढील प्रक्रिया करणाऱ्या पेशीच्या भागात. तेथे काही मॅनोज छाटल्यावर वनस्पती साखळीच्या गाभ्याला झायलोज आणि फ्युकोज या शर्करा जोडतात. सस्तन प्राण्यांत हा झायलोज नसतो, फ्युकोज वेगळ्या जागी जोडला जातो आणि टोकाला बहुधा सियालिक आम्ल असते, जे वनस्पतींत आढळत नाही. परागकणांची ॲलर्जी असलेल्या काही जणांच्या रक्तात या वनस्पती-साखळ्यांविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात ती याच कारणाने. मात्र त्यांच्यामुळे प्रत्यक्ष त्रास क्वचितच होतो.

गॉल्जीतल्या या कामाचे महत्त्व सर्व वनस्पतींत सारखे नाही. त्याची सुरुवात करणारे, एन-असेटिलग्लुकोसामीन जोडणारे एक विकर निकामी झाले तरी मोहरीच्या कुळातील अरेबिडोप्सिस ही संशोधनात सर्रास वापरली जाणारी वनस्पती नेहमीच्या परिस्थितीत वाढते. भाताचे रोप मात्र खुरटून मरते. म्हणून अरेबिडोप्सिसवरचे निष्कर्ष तृणधान्यांना जसेच्या तसे लावू नयेत.

ज्वारीच्या दाण्यातील मुख्य साठवण-प्रथिन काफिरिन मात्र आंतर्द्रव्यजालिकेतच गोळ्यांच्या रूपात साठते व गॉल्जीपर्यंत जातच नाही, त्यामुळे झायलोज-फ्युकोजचा प्रश्न त्याच्याबाबत उद्भवत नाही. भाकरीतले हे प्रथिन पचायला जड जाते, त्याचे एक मोठे कारण शिजताना काफिरिनच्या रेणूंमध्ये बनणारे गंधकाचे बंध हे आहे.