न शिजणारी डाळ आणि सासूबाईंचे शेठजी

प्रश्न : मावशी, लग्न होऊन इंदूरला आले त्याला आठ महिने झाले. विजयनगरच्या मोठ्या दुकानात सगळं स्वस्त मिळतं, पण सासूबाईंना मल्हारगंजातल्या त्यांच्या शेठजींशिवाय कुणाकडचं वाणसामान चालत नाही. परवा मी तेलाची पिशवी आणली, तर "सात रुपये वाचवलेस ना?" एवढंच म्हणाल्या आणि दोन दिवस अबोला. त्यांना कसं समजावू?

उत्तर : अगं, आधी त्या पिशवीवरचं वजन वाच. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम तेल, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण आता ठरावीक मापाचंच पाकीट हवं असं बंधन उरलेलं नाही. गेल्या महिन्यात मी ऑफरमधली पिशवी १४५ रुपयांना आणली, तर ती ८४० ग्रॅमची! रामबागेतला आमचा वाणी ९१० ग्रॅमची १५२ ला देत होता. म्हणजे शंभर ग्रॅमला माझे १७ रुपये २६ पैसे गेले, त्याच्याकडे १६ रुपये ७० पैसे पडले असते. चाळीस वर्षं संसार करून ही अक्कल!

साबण, फिनाईल त्या मोठ्या दुकानातून खुशाल आण. मात्र छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत असते, तेव्हा शेठजींनाही "काही कमी करा" म्हणायला लाजू नकोस.

डाळीचं मात्र वेगळं. मोठ्या दुकानातली तूरडाळ सात शिट्ट्या होऊनही कुकरात टणटणीत राहिली. परत करायला गेले, तर काउंटरवरचा मुलगा गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, पॅकेट तो खुल गया." उघडल्याशिवाय शिजवायची कशी, बाई? आमच्या वाण्याकडे एकदा असंच झालं होतं. त्यानं उरलेली पाऊण किलो तागडीत टाकली आणि किलोभर नवी बांधून दिली. पावसाळ्यात त्याच्या रव्यात पोरकिडे निघतात, हेही खरं. मी तिथेच चाळायला लावते.

सासूबाईंना समजावायला जाऊच नकोस. एक दिवस त्यांच्याबरोबर शेठजींच्या ओट्यावर जाऊन बस आणि जुन्या खातेवह्या काढायला सांग. तुझ्या नवऱ्याच्या मुंजीचा गूळ-तूपसुद्धा त्यात उधारीवर मांडलेलं सापडेल.