एकटा हंगेरी सगळ्यांना अडवू शकतो, तर युरोपीय संघ व्हेटो रद्द का करत नाही?

कारण तो रद्द करायलाही २७च्या २७ देशांचा होकार लागतो. संघाचं कामकाज ठरवणाऱ्या लिस्बन करारात एक सोय आहे, मूळ करार न बदलता एखादा विषय एकमताकडून बहुमताकडे वळवण्याची. पण त्यालाही एकमतच हवं. वर कुठल्याही एका देशाच्या संसदेने सहा महिन्यांत हरकत घेतली की विषय संपला.

तसं बरंचसं कामकाज आजही बहुमतानेच चालतं: १५ देश आणि एकूण लोकसंख्येचा ६५ टक्के वाटा, एवढं जमलं की पुरे. व्हेटो उरलाय तो परराष्ट्र धोरण, कर, नवे सदस्य आणि दीर्घकालीन बजेट अशा नाजूक जागी.

तिथे तो कसा चालतो हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसलं. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायला हंगेरीचे त्या वेळचे पंतप्रधान ऑर्बान यांचा विरोध होता. १३ तारखेला युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाचा कारभार पाहणाऱ्या संस्थेने, हंगेरीचा अडवून ठेवलेला सुमारे १० अब्ज युरोंचा निधी मोकळा केला. कारण दिलं न्यायव्यवस्थेतल्या सुधारणांचं. (ज्याने त्याने समजून घ्यावं.) दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्समध्ये सदस्य देशांच्या नेत्यांच्या बैठकीत तेव्हाचे जर्मन चॅन्सलर शोल्झ यांनी ऑर्बान यांना थोडा वेळ बाहेर जायला सुचवलं, ते गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेऊन टाकला. त्याच रात्री परत आलेल्या ऑर्बान यांनी युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत अडवली. ती सुटायला फेब्रुवारी उजाडला.

मात्र सगळं खापर हंगेरीवर फोडू नका. २०२० मध्ये बेलारूसवरचे निर्बंध सायप्रसने अडवून धरले होते. बेलारूसशी त्यांचं काही वाकडं नव्हतं, त्यांना तुर्कस्तानवर कारवाई हवी होती. साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीचा माल्टा आठ कोटींच्या जर्मनीसमोर बसतो, तेव्हा त्याच्या हातात दुसरं असतं काय? म्हणून छोटे देश हा हुकमाचा पत्ता सुखासुखी सोडणार नाहीत.

युरोपीय संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हेटो कमी करण्यासाठी करारबदलाचा ठराव केला, तोही २९१ विरुद्ध २७४ असा काठावर. सरकारांनी मनावर घेतलं नाही. २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना म्हणून आणलेला नवा करार फेटाळला होता. तेव्हापासून करार उघडायचा म्हटलं की नेत्यांना धडकी भरते.

त्यामुळे माझं मत विचाराल तर व्हेटो जागेवरच राहील आणि त्याला वळसा घालून कामं होतील. किमान नऊ देश तयार असले तर त्यांना आपसात पुढे जाता येतं. युरोपीय सरकारी वकिलांचं कार्यालय असंच निघालं. संघाच्या पैशातल्या अफरातफरीचा तपास करणारं हे कार्यालय २०२१ मध्ये २२ देशांनी सुरू केलं. हंगेरी त्यात आला नाही, पण त्याच्यासाठी कुणी थांबलंही नाही.