पैशाच्या पिल्लाला तीनच जोड्या पाय?

प्रश्न : डब्यात पाळलेल्या तांबड्या पैशांनी (कड्याकड्यांचे, पुष्कळ पाय असलेले किडे; आमच्याकडे वाणी म्हणतात) मातीच्या गोळ्यांत अंडी घातली. एक गोळी फोडली, तर आतल्या पांढऱ्या पिल्लाला पायांच्या तीनच जोड्या. थोड्या मोठ्या पिल्लांत एकाचं मधलं कडं एका बाजूला अर्धवट आहे आणि दुसऱ्याच्या सातव्या कड्याखाली पाय नाहीत. माती बिघडली का?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : तीन जोड्या हे व्यंग नाही. बहुतेक जातींची पिल्लं तेवढ्यावरच सुरुवात करतात. प्रत्येक कातीला शेपटाकडे नवी कडी येतात, ती आधी बिनपायांची असतात आणि पुढच्या कातीला त्यांना पाय फुटतात. म्हणून भिंगाखाली पायांची आणि बिनपायांची कडी वेगवेगळी मोजून तारखेसह लिहा. गोळ्या मात्र यापुढे फोडू नका. उघडं पडलेलं पिल्लू चटकन सुकतं.

सातव्या कड्याखालची मोकळी जागा बहुधा नराची खूण आहे. मानेची चकती पहिली धरून मोजा. तिथले पाय आधी झडून बारीक उंचवटे उरतात आणि पुढे त्यांचीच समागमाची अंगं होतात.

अर्धवट कडं हा खरा दोष. तो बहुतेकदा अंड्यातच, कडी आखली जाताना होतो. वाढत्या गर्भाला जास्त उष्णता लागणं हे त्याचं एक कारण. तो भरून येत नाही आणि जागाही बदलत नाही, कारण नवी कडी फक्त मागे जोडली जातात. धोका कात टाकताना असतो : त्या ठिकाणी जुनी साल अडकू शकते. ती ओढू नका. त्या पिल्लाला वेगळ्या डब्यात ठेवा, डबा सावलीत असू द्या, आणि टाकलेली कात उचलू नका. ती खाऊन पिल्लू त्यातला चुना परत मिळवतं.

मातीमुळे असं अर्धं कडं होत नाही, पण वाढ खुंटते आणि पिल्लं मरतात ती मातीमुळेच. नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) त्यांना खायला काही नसतं. दोन वाट्या कुजकी आंब्या-उंबराची पानं, एक वाटी बोटांनी चुरडेल असं कुजकं लाकूड, एक वाटी मोठ्यांच्या डब्यातली लेंड्यांसकट माती आणि चमचाभर अंड्याच्या टरफलांची पूड असं मिश्रण घ्या. लेंड्या वगळू नका, पचनाचे जिवाणू पिल्लांना त्यातूनच मिळतात. थर ८ ते १० सेंटिमीटर हवा. मूठ दाबली की गोळा व्हावा, पाणी गळू नये. फवारणी झालेल्या बागेतली पानं चुकूनही घालू नका.

कात टाकायला पिल्लू मातीत पोकळी करून आठवडेच्या आठवडे दडी मारतं. ते मेलं समजून उकरलं, तर मऊ अंगाला इजा होते आणि नवं व्यंग तुमच्याच हातून घडतं.